फाशीच्या घोषणा आणि उपचारांचा दुष्काळ

२०१९ साली संसदेने ‘पोक्सो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१२ च्या कायद्यात दुरुस्ती केली आणि बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या गंभीर गुन्ह्यांसाठी देहान्ताच्या शिक्षेची तरतूद केली. शासन मुलांच्या बाबतीत किती कठोर आहे याची ग्वाही त्या वेळी सत्ताधाऱ्यांनी देशाला दिली. परंतु ज्यांचे बालपण असे ओरबाडले गेले आणि जे आज पंचविशीत, चाळिशीत किंवा साठीत आहेत, त्यांच्यासाठी शासन काय करणार हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारला नाही. तो आजही विचारला जात नाही. गुन्हेगाराच्या गळ्याचा विचार करणारे राज्य गुन्ह्याखाली दबलेल्या माणसाच्या श्वासाचा विचार करीत नाही, हे या प्रश्नाचे मूळ स्वरूप आहे.

प्रश्न मूठभरांचा नाही. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा एक तरी प्रकार सोसल्याचे सांगितले. या पाहणीतील व्याख्या व्यापक होती हे खरे. पण गंभीर प्रकार सोसल्याचे सांगणारी मुलेही एकवीस टक्क्यांहून अधिक होती. अत्याचार सोसलेल्यांत निम्म्याहून किंचित अधिक मुलगे होते. अत्याचार करणारे निम्मे लोक मुलाच्या परिचयाचे किंवा त्याच्या विश्वासाच्या जागी असलेले होते, आणि बहुतेक मुलांनी कोणाजवळही वाच्यता केली नव्हती. ती मुले आज मुले राहिलेली नाहीत. त्यांतले प्रत्येक जण प्रौढ झाले आहे, मतदार झाले आहे. कोणी कारखान्यात आहे, कोणी शेतात राबते आहे, कोणी सासरी आहे, कोणी स्वतः आईबाप झाले आहे. शासनाने त्यांना मोजले, अहवाल छापला आणि नंतर वाऱ्यावर सोडले.

अठरावे वर्ष संपले म्हणून जखम भरत नाही. बालपणी ज्याच्यावर जीव टाकला त्यानेच देहाचा विश्वासघात केला, तर मोठेपणी कोणाच्याही जवळिकीत धोक्याची घंटा वाजू लागते. झोप उडते. एखादा वास, एखादा आवाज, दाराच्या कडीचा खटका पुरेसा होतो आणि तीस वर्षांपूर्वीची रात्र अंगावर कोसळते. मन देहापासून सुटून दूर उभे राहायला शिकलेले असते; लहानपणी जगण्यासाठी शिकलेली ती युक्ती मोठेपणी संसारात आणि कामात आडवी येते. कोणी दारूत बुडते, कोणी स्वतःच्या हाताने स्वतःला इजा करते, कोणी वर्षानुवर्षे निराशेच्या गोळ्या घेते आणि डॉक्टरलाही कारण सांगत नाही. या सर्वांच्या तळाशी एक लाज असते, आणि तिचा अन्याय असा की ती ज्याची असायला हवी त्याला शिवतही नाही. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या फेलिटी आणि आंडा यांच्या मोठ्या अभ्यासाने बालपणीचे आघात आणि प्रौढपणीचे शारीरिक व मानसिक आजार यांचे नाते दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने, जी २०२२ पासून अमलात आली, दीर्घकाळच्या अशा आघातातून उद्भवणाऱ्या गुंतागुंतीच्या विकाराला स्वतंत्र नाव दिले. तेव्हा हे मनाचे खेळ आहेत, झाले गेले विसरून जावे, हा शहाजोग सल्ला आता अज्ञानातून दिला जातो असे मानता येत नाही.

या जखमेवर उपाय आहेत. आघातावर केंद्रित अशा मानसोपचारांच्या पद्धती सिद्ध झाल्या आहेत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ या ग्रंथात मांडलेला क्रम आजही मार्गदर्शक मानला जातो. आधी सुरक्षितता: अंगावर छप्पर, रात्रीची झोप, अत्याचार करणाऱ्यापासून अंतर. नंतर आठवणींना सामोरे जाणे आणि जे हिरावले गेले त्याचा शोक करणे. शेवटी माणसांत परतणे. हा क्रम उलटवून पहिल्याच भेटीत सारे ओकून टाकायला लावणारा सल्लागार रोग्याचे नुकसान करतो. त्याचप्रमाणे संमोहनाने किंवा सूचनांनी ‘विसरलेल्या’ आठवणी उकरून काढणाऱ्यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेत जो अनर्थ केला, तोही ध्यानी ठेवला पाहिजे. चांगला उपचार आठवण पेरीत नाही. जी आहे ती पेलण्याचे बळ देतो. म्हणजे येथे शिक्षित, देखरेखीखाली काम करणारी माणसे हवीत. भोंदू बाबा नकोत, आणि दोन दिवसांच्या शिबिरात तयार झालेले समुपदेशकही नकोत.

आता कायद्याकडे पाहू जाता काय दिसते? २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र शासनाने जाहीर केले की बालपणी अत्याचार सोसलेली व्यक्ती कोणत्याही वयात तक्रार करू शकेल, तिला कालमर्यादेचा अडसर नाही. वृत्तपत्रांनी त्याचे स्वागत केले. पण ही घोषणा अर्धीच खरी आहे. पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला, आणि कृत्य घडले तेव्हा जो कायदा नव्हता त्याखाली शिक्षा देता येत नाही, हे संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदाने सांगितले आहे. हे तत्त्व योग्यच आहे. समाजवाद्यांनी तर ते प्राणपणाने जपले पाहिजे. परंतु त्याचा परिणाम असा की आज जे चाळिशीत आहेत त्यांच्या वाट्याला जुनी दंडसंहिता येते. त्या संहितेत बलात्काराची व्याख्या २०१३ पर्यंत इतकी अरुंद होती की मुलीवरील बहुसंख्य अत्याचार तिच्यात बसतच नसत. ते जात ‘विनयभंगा’च्या ३५४ व्या कलमात, ज्याची कमाल शिक्षा २०१३ पूर्वी दोन वर्षे होती. अशा गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत तीन वर्षे असे. विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला होता, पण तीस वर्षांचा विलंब कोणत्या पुराव्यावर माफ व्हावा? आणि ज्याच्यावर तो मुलगा असताना अत्याचार झाला त्या पुरुषाला तर ३७७ व्या कलमाखेरीज दारच नव्हते.

याहून एक बारीक गुंता आहे. पोक्सोच्या एकोणिसाव्या कलमानुसार असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे; न कळविल्यास एकविसाव्या कलमाखाली शिक्षा होते. मूल आज संकटात असेल तर हे बंधन आवश्यकच आहे. पण २०१४ साली अत्याचार सोसलेली मुलगी आज तेविशीत समुपदेशकासमोर बसली आणि तिला केवळ बोलायचे असेल, पोलिसांत जायचे नसेल, तर समुपदेशकाने काय करावे? तिच्या इच्छेविरुद्ध तक्रार करावी की स्वतः गुन्हेगार व्हावे? कायद्याने प्रौढ व्यक्तीच्या संमतीचा स्पष्ट विचार केलेला नाही. परिणामी ती बोलण्याआधीच कचरते आणि समुपदेशक ऐकण्याआधीच. जिचा होकार बालपणी कोणी विचारला नाही, तिचा होकार मोठेपणी कायदाही विचारीत नाही.

फाशीची तरतूद या कोंडीवर आणखी एक कुलूप घालते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षामागून वर्ष सांगते की पोक्सोखालच्या बलात्कारसदृश गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. म्हणजे काका, मामा, चुलतभाऊ, शेजारी, शिक्षक आणि कित्येकदा वडील. घरातला कमावता माणूस फासावर जाईल या भयाने कोणती आई तोंड उघडील? कोणती आजी नातीला बोलू देईल? शिक्षा जितकी भीषण तितके मौन अधिक दाट, हे ज्यांना दिसत नाही त्यांना कुटुंबसंस्था दिसत नाही. न्याय झालाच पाहिजे. त्यासाठी शिक्षा भयंकर असण्यापेक्षा खात्रीची असली पाहिजे, आणि शिक्षा झाली तरी जखमेवर मलमपट्टी आपोआप होत नाही.

मग मलमपट्टीची व्यवस्था कशी आहे? २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. शासनाने चालविलेल्या किंवा शासनाच्या पैशाने चालणाऱ्या मानसिक आरोग्यसेवेचा हक्क त्याने प्रत्येकाला दिला. दारिद्र्यरेषेखालील माणसाला ती सेवा विनामूल्य मिळावी आणि जिल्ह्यात किमान सेवा नसेल तर अन्यत्र घेतलेल्या उपचारांचा खर्च शासनाने सोसावा, असेही त्यात लिहिले आहे. शब्द सुंदर आहेत. प्रत्यक्षात देशात लाख लोकांमागे एकही पूर्ण मानसोपचारतज्ज्ञ नाही, प्रमाण ०.७५ च्या आसपास आहे. बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत बहुतेक मानसिक विकारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक लोक उपचारांवाचून असल्याचे आढळले. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, पण त्यांच्या दारातून आत जाणे म्हणजे वेडाचा शिक्का घेणे, अशी लोकांची समजूत आहे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनिसेवा सुरू झाली. ती उपयोगी आहे, पण वीस वर्षांची गाठ एका दूरध्वनीने सुटत नाही. महाराष्ट्र शासनाची ‘मनोधैर्य’ योजना २ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाली; तिचा पाया नोंदविलेला गुन्हा हा आहे. ज्याने तक्रारच केली नाही, तो तिच्या हिशेबात नाही. ‘१०९८’ ही सेवा मुलांसाठी आहे. अठरा वर्षे ओलांडलेल्या माणसाला शासनाचा कोणताच दरवाजा आपला म्हणून ठोठावता येत नाही.

राहिले खाजगी क्षेत्र. मुंबई-पुण्यात चांगले मानसोपचारक आहेत, पण एका भेटीचे शुल्क शेतमजूर बाईच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतके असते, आणि असा उपचार एका भेटीचा नव्हे, महिनोन्‌महिन्यांचा असतो. दिल्लीच्या ‘राही’ने १९९६ पासून कुटुंबातील अत्याचार सोसलेल्या प्रौढ स्त्रियांबरोबर काम केले, मुंबईत ‘अर्पण’सारखी संस्था उभी राहिली. त्यांचे ऋण मान्य करूनही म्हटले पाहिजे की देणग्यांवर चालणाऱ्या मोजक्या संस्थांवर कोट्यवधींचा भार टाकणे हे शासनाचे पलायन आहे. परिणामी बरे होणे ही विकत मिळणारी वस्तू झाली आहे. बंगल्यातल्या मुलीला उपचार आणि पाड्यावरच्या मुलीला मौन, अशी ही वाटणी आहे.

येथे चळवळीतील काही ज्येष्ठ सहकारी एक आक्षेप घेतात. मानसोपचार हे मध्यमवर्गाचे चोचले आहेत, ते सामाजिक प्रश्नाला व्यक्तिगत करतात. रचना बदलली की माणूस आपोआप बरा होईल, असे ते म्हणतात. आक्षेपात सत्याचा अंश आहे. अन्यायाला आजार ठरवून आणि आजाराला गिऱ्हाइकी ठरवून बाजार आपली तुंबडी भरतो, हे खरेच आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. सिलिकोसिस झालेल्या खाणकामगाराला, खाणींचे राष्ट्रीयीकरण होईपर्यंत थांब, असे कोणी सांगत नाही. त्याच्या फुप्फुसासाठी भांडले जाते आणि खाणमालकाविरुद्धही भांडले जाते. मग मनाच्या बाबतीतच क्रांतीची वाट का पाहायची?

शिवाय या ज्ञानाचा इतिहासच हा आक्षेप खोडून काढतो. १८९६ साली व्हिएन्नात फ्रॉईडने सांगितले की आपल्या रुग्णांच्या उन्मादाच्या मुळाशी बालपणीचे लैंगिक अत्याचार आहेत. पुढच्याच वर्षी त्याने ती भूमिका सोडली. ते मानावे तर व्हिएन्नाच्या प्रतिष्ठित घरांतील बापांवर आरोप होत होता, आणि त्या स्त्रियांच्या पाठीशी उभी राहील अशी चळवळ नव्हती. पाऊणशे वर्षे गेली. १९७१ साली न्यूयॉर्कमधील स्त्रीवाद्यांच्या परिषदेत फ्लोरेन्स रश या समाजकार्यकर्तीने मुलांवरील अत्याचारांबद्दलचे मौन उघडपणे फोडले. आघाताने होणाऱ्या विकाराला १९८० साली वैद्यकाची मान्यता मिळाली, तीही व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांनी एकमेकांना आधार देत आणि भांडत मिळविली. आघाताचा अभ्यास राजकीय चळवळीच्या पाठबळाशिवाय टिकत नाही, असे हर्मन यांनी लिहिले ते यासाठीच. हा उपचार चळवळीच्या पोटी जन्मलेला आहे. त्याला बाजाराच्या हवाली करून चळवळीनेच त्याला बाजारू म्हणणे हा उफराटा न्याय झाला.

महाराष्ट्राला तर यासाठी परदेशाकडे पाहण्याचेही कारण नाही. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. घरातल्याच पुरुषांकडून फसविल्या गेलेल्या विधवांनी तेथे यावे, गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हावे, असे त्यांनी जाहीर केले. गुन्हेगाराचे नाव सांग, पंचनामा कर, मग आत घेऊ, असे त्या घराच्या दारावर लिहिलेले नव्हते. आधी आसरा, मग बाकीचे. उलट १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकाच्या वेळी, फुलमणी या अल्पवयीन पत्नीचा पतीच्या संभोगाने कलकत्त्यात मृत्यू झाल्यानंतरही, मुलीचे वय दहावरून बारावर नेण्यास धर्माच्या आणि स्वराज्याच्या नावाने विरोध झाला, आणि त्यात टिळकांसारखा लोकनेता अग्रभागी होता. मुलीच्या देहापुढे मोठे ‘राष्ट्रीय’ प्रश्न उभे करण्याची ही परंपरा जुनी आहे. आज तिला ‘वर्गीय’ प्रश्नांचे नाव देऊन डाव्यांनी पुढे चालवावे काय?

वर्गाचा प्रश्न खरोखर कोठे आहे तो पाहावा. ज्या घरात मूल भाकरीसाठी, छपरासाठी आणि पुढे लग्नासाठी सर्वस्वी मोठ्यांवर अवलंबून असते, तेथे अत्याचाराला संरक्षण मिळते. मोठेपणी बोलणाऱ्या मुलीचे माहेर तुटते, मुलाचा जमिनीतला वाटा अडविला जातो. मौनाला असा आर्थिक पाया आहे. म्हणून उपचाराइतकाच निवारा, रोजगार आणि मालमत्तेतील हक्क हा या माणसांचा आधार आहे. जेथे खुद्द शासनच पालक होते तेथे जबाबदारी आणखी सरळ आहे. आदिवासी मुलांसाठी राज्यात शासकीय आणि अनुदानित मिळून हजाराच्या आसपास आश्रमशाळा आहेत. याशिवाय वसतिगृहे, बालगृहे, निरीक्षणगृहे आहेत. तेथे ज्यांनी सोसले त्यांचे काय? ऑस्ट्रेलियाने संस्थांमधील अत्याचारांच्या चौकशीसाठी राजआयोग नेमला, त्याने २०१७ साली अहवाल दिला आणि १ जुलै २०१८ पासून भरपाईची राष्ट्रीय योजना सुरू झाली. तीत दीड लाख डॉलरपर्यंत रक्कम, समुपदेशन आणि संबंधित संस्थेकडून प्रत्यक्ष क्षमायाचना यांची सोय आहे, आणि त्यासाठी फौजदारी खटला जिंकण्याची अट नाही. त्या योजनेतही उणिवा आहेत, कुटुंबातला अत्याचार तिच्या कक्षेत नाही. पण राज्य उत्तरदायी असते, हे तत्त्व तिने मान्य केले.

पैसा आणि माणसे कोठून आणायची, हा प्रश्न नेहमीप्रमाणे पुढे येईल. गोव्यात ‘संगाथ’ने केलेल्या आणि २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या सामान्य समुपदेशकांनी आरोग्यकेंद्रांतील निराशा व चिंतेच्या रुग्णांना बरे होण्यास मदत केली. हा लाभ सरकारी केंद्रांत दिसून आला. खाजगी दवाखान्यांत तसा पुरावा मिळाला नाही. बालपणीच्या अत्याचाराचा आघात याहून गुंतागुंतीचा आहे, तेव्हा हा प्रयोग जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण सार्वजनिक सेवा हाच पाया आहे, एवढे त्यातून निश्चित दिसते. मात्र हे काम आशा कार्यकर्तींच्या माथी फुकट मारू नये. आधीच तुटपुंज्या मोबदल्यावर राबणाऱ्या स्त्रियांच्या करुणेवर शासनाने आपला खर्च वाचवावा, हे समाजवाद्यांना मान्य होता कामा नये.

पक्षाच्या मागण्या म्हणून पुढील गोष्टी स्पष्टपणे मांडल्या गेल्या पाहिजेत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आघातोपचाराचे प्रशिक्षण घेतलेले, कायम नेमणुकीचे मानसोपचारक असावेत. सेवा विनामूल्य असावी आणि तिच्यासाठी प्राथमिक माहिती अहवाल मागितला जाऊ नये. स्त्रियांइतकीच पुरुषांची आणि तृतीयपंथीयांची सोय तेथे असावी. अत्याचार बालपणी झाला असेल आणि व्यक्ती आज प्रौढ असेल, तर पोलिसांकडे जाण्याचा निर्णय तिचाच, आणि त्याच माणसापासून आज एखादे मूल धोक्यात असेल तेवढाच अपवाद, अशी दुरुस्ती कायद्यात व्हावी. ‘मनोधैर्य’ योजनेतील उपचारांचा भाग नोंदविलेल्या गुन्ह्यापासून सोडवावा. शासकीय आणि अनुदानित निवासी संस्थांत सोसलेल्यांसाठी भरपाईची योजना व्हावी.

आणि हे मागताना स्वतःच्या घराकडेही पाहिले पाहिजे. शिबिरे, वसतिगृहे, कलापथके, कामगारवस्तीतील अभ्यासिका ही चळवळीची स्थाने मुलांनी गजबजलेली असतात. एखाद्या मान्यवर कार्यकर्त्याविरुद्ध वीस वर्षांनी कोणी बोलले, तर ‘आत्ताच का?’, ‘यामागे कोण आहे?’, ‘चळवळीची बदनामी होईल’ हीच वाक्ये येथेही उच्चारली जातात. खानदानाची अब्रू आणि संघटनेची अब्रू यांत मग फरक काय राहिला? प्रत्येक जिल्हा शाखेने संघटनेबाहेरच्या जाणत्या व्यक्तींचा समावेश असलेली समिती नेमावी, आणि जवळच्या विश्वासार्ह उपचारकांची नावे कार्यकर्त्यांजवळ असावीत. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने १९८६ पासून दाखवून दिले आहे की ज्याला समाज व्यसनी म्हणून हिणवतो तो समदुःखितांच्या वर्तुळात बसला की माणूस म्हणून उभा राहू शकतो. अशी वर्तुळे या प्रश्नासाठीही तालुक्यातालुक्यांत हवीत; जाणत्या उपचारकाच्या देखरेखीखाली, गुप्ततेच्या काटेकोर नियमाने, आणि कोणालाही क्षमा करण्याची सक्ती न करता.

कार्यकर्त्यांना उपचारक व्हायचे नाही. कोणी बोलू लागले तर त्याचे ऐकावे, प्रश्नांची सरबत्ती करू नये, तपशील मागू नये, त्याच्या परवानगीवाचून ती गोष्ट तिसऱ्या कानी घालू नये, आणि जेथे मदत मिळेल तेथपर्यंत त्याच्याबरोबर जावे. एवढे प्रत्येकाला करता येण्याजोगे आहे. बाकीचे काम शासनाचे आहे, आणि ते त्याच्याकडून करवून घेण्यासाठी मोर्चे, निवेदने आणि विधिमंडळातील प्रश्न ही जुनी हत्यारे पुरेशी आहेत. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी प्रत्येक जिल्हा समितीने आपल्या जिल्हा रुग्णालयात आघातोपचाराची जागा मंजूर आहे काय, ती भरली आहे काय आणि आठवड्यातून किती दिवस तो कक्ष उघडा असतो, एवढी तीन उत्तरे माहितीच्या अधिकारात लेखी मागवावीत. लढ्याला तेथूनच सुरुवात होईल.